दहा कंकर, चौऱ्यायशी नियुत : एका मोठ्या संख्येची हकीकत



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की तीत विहाराचा इतिहास, देणगीदारांची यादी आणि धम्मावरचे चार लेख येतात. यंदा आम्ही थोडी वेगळी वाट धरतो आहोत. आमचा हा लेख एका संख्येवर आहे. गणिताचे नाव काढताच पान उलटू नका. संख्या मोठी असली तरी हिशेब चौथी-पाचवीच्या गुणाकाराचाच आहे, आणि त्यात आपल्या घराचा एक महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे.

त्याचे असे झाले. एका वर्षावासात प्रवचनाला बाहेरगावचे एक वक्ते आले होते. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, "आजच्या शास्त्रज्ञांनी अणू मोजला, पण आपल्या बौद्ध ग्रंथांत त्याचं माप आधीच दिलेलं आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून नववीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, किती दिलंय?" वक्त्यांना आकडा सांगता आला नाही. आम्हालाही सांगता आला नाही. टाळ्या आम्हीही वाजवल्या होत्या, म्हणून आम्हाला जरा ओशाळल्यासारखे झाले. पुढच्या रविवारी अभ्यासिकेत फळा पुसून घेतला आणि पोरांबरोबर आम्हीच हिशेबाला बसलो. त्या हिशेबाची ही हकीकत.

ग्रंथ कोणता?

ज्या ग्रंथाचा हवाला दिला जातो त्याचे नाव 'ललितविस्तर'. संस्कृतमिश्रित भाषेतले हे बुद्धचरित्र इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत टप्प्याटप्प्याने तयार झाले. धर्मरक्ष यांनी इ. स. ३०८ मध्ये त्याचा चिनी अनुवाद केला. दिवाकर यांनी ६८३ मध्ये पुन्हा एक केला. जावा बेटावरच्या बोरोबुदुरच्या स्तूपावर या ग्रंथातील प्रसंग १२० शिल्पपटांत कोरलेले आहेत. म्हणजे पुस्तक हाती नसलेल्या माणसालाही भिंतीवरून चरित्र वाचता येई. आपल्या काळात नागरी लिपीत हा ग्रंथ १९५८ साली दरभंग्याहून निघाला, आणि त्याचे संपादक होते मराठी पंडित परशुराम लक्ष्मण वैद्य.

आणखी एक धागा आपल्या पुण्याशी जुळतो. 'लाइट ऑफ एशिया' हे १८७९ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी काव्य लिहिणारे एडविन अर्नॉल्ड त्याआधी काही वर्षे पुण्यात सरकारी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांच्या काव्यातही बालसिद्धार्थ गुरू विश्वामित्रासमोर मोठमोठ्या संख्या मोजतो. युरोपातल्या कितीतरी वाचकांना हे मोजणे प्रथम कळले ते या काव्यातून.

इथे एक गोष्ट सरळ सांगून टाकू. पाली त्रिपिटकात हा परीक्षेचा प्रसंग असा येत नाही. तो ललितविस्तराचा आहे, म्हणजे बुद्धांच्या कित्येक शतकांनंतरचा. म्हणून आम्ही त्याला सिद्धार्थाच्या आयुष्यातली घडलेली घटना म्हणत नाही. त्या काळातल्या बौद्ध पंडितांना किती मोजता येत होते, याचा हा पुरावा आहे. आणि तेवढे मोलही काही कमी नाही.

परीक्षा

प्रसंग असा. शाक्य दंडपाणीच्या मुलीला मागणी घातली जाते. ललितविस्तरात तिचे नाव गोपा आहे. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये दंडपाणीची कन्या यशोधरा आहे, हे आपल्याला माहीत आहेच. दंडपाणी म्हणतो, राजवाड्यात सुखात वाढलेल्या मुलाला विद्या-कला येतात की नाही ते आधी दिसू द्या. मग लिपी, गणित, धनुर्विद्या अशा परीक्षा होतात. गणिताचा परीक्षक आहे अर्जुन नावाचा मोठा गणक. हा महाभारतातला अर्जुन नव्हे. अर्जुन विचारतो, कोटीच्या पुढची शतोत्तर गणना कुमाराला येते काय?

शतोत्तर म्हणजे दर पायरीला शंभरपट. कुमार सांगू लागतो. शंभर कोटी म्हणजे एक अयुत. शंभर अयुत म्हणजे एक नियुत. शंभर नियुतांचे एक कंकर. पुढे विवर, अक्षोभ्य, विवाह, उत्संग, बहुल, नागबल, तिटिलंभ असे करत करत तेविसाव्या पायरीवर 'तल्लक्षण' येते. कोटी म्हणजे एकावर ७ शून्ये. दर पायरीला २ शून्ये वाढतात. २३ पायऱ्यांची ४६ शून्ये झाली. ७ आणि ४६ मिळून ५३. तल्लक्षण म्हणजे एकावर ५३ शून्ये! आणि कुमार तिथेही थांबत नाही. याच्या पुढे आणखी गणना आहेत असे तो सांगतो.

शाळेत आपण 'एकं, दहं, शतं' पासून 'परार्ध' पर्यंत पाठ केले. परार्धावर १७ शून्ये. या यादीत तो आकडा पाचव्या पायरीवरच येतो, त्याचे नाव अक्षोभ्य. फरक एवढाच की नेहमीच्या यादीत अयुत म्हणजे दहा हजार, इथे अयुत म्हणजे शंभर कोटी. त्यामुळे नाव ऐकून घाई करायची नाही, कोणत्या यादीतले ते विचारायचे. आज शास्त्रज्ञ विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे सांगतात. कुमाराच्या भाषेत ते झाले १३ अयुत ८० कोटी.

पोरांनी या यादीतली एक गंमत हुडकली. या तेवीसपैकी एकही संख्या पूर्ण वर्ग नाही. का? एकावर शून्ये असलेली संख्या पूर्ण वर्ग व्हायची तर शून्ये सम हवीत, जसे १०० म्हणजे १० चा वर्ग. इथे सुरुवात ७ शून्यांपासून, म्हणजे विषम, आणि वाढ दोनदोनची. विषमात दोन मिळवत गेले तर कधी सम येईल? येणारच नाही. तल्लक्षणापर्यंत चढा नाहीतर त्याच्याही पुढे जा, त्याच पायऱ्यांवर वर्ग सापडायचा नाही. हे कळायला ५३ शून्ये लिहावी लागत नाहीत, थोडा विचार पुरतो.

धूळ मोजण्याची पट्टी

मग अर्जुन विचारतो, परमाणुरजाची गणना कशी करायची? रज म्हणजे धूळ. इथे कुमार मोठ्याकडून बारीककडे वळतो. त्याची पट्टी अशी आहे : ७ परमाणूंचा एक अणू. ७ अणूंची एक त्रुटी. ७ त्रुटींचे एक वातायनरज, म्हणजे खिडकीतून उन्हाची तिरीप आत येते तेव्हा तीत तरंगताना दिसतो तो धुळीचा कण. ७ वातायनरजांचे एक शशरज, सशाच्या केसावरच्या धुळीएवढे. ७ शशरजांचे एक एडकरज, म्हणजे मेंढ्याचे. ७ एडकरजांचे एक गोरज, गायीचे. ७ गोरजांची एक लिक्षा, म्हणजे आपली डोक्यातली लीख! ७ लिक्षांची एक मोहरी. ७ मोहऱ्यांचा एक जव. ७ जवांचे एक अंगुलीपर्व, नाव पेराचे असले तरी माप बोटभर रुंदीचे. मग १२ अंगुलीपर्वांची वीत, २ वितींचा हात, ४ हातांचे धनुष्य, १,००० धनुष्यांचा मगधातला कोस आणि ४ कोसांचे एक योजन.

पहा, लीख, मोहरी, वीत, हात, कोस. दोन हजार वर्षांच्या ग्रंथातले शब्द आपल्या आजीच्या तोंडात अजून आहेत. ज्याने ही पट्टी रचली त्याने राजवाड्याबाहेरचेही बरेच पाहिले असावे.

आता प्रश्न : एक योजन लांबीत एकापुढे एक ठेवले तर परमाणू किती मावतील?

फळ्यावरचा गुणाकार

सातने गुणायचे दहा वेळा. ७, ४९, ३४३, २,४०१, १६,८०७ असे करत दहाव्या पायरीला २८,२४,७५,२४९ येतात. एका अंगुलीपर्वात इतके परमाणू. योजनात अंगुलीपर्वे किती? १२ गुणिले २, गुणिले ४, गुणिले १,०००, गुणिले ४, म्हणजे ३,८४,०००. दोन्हींचा गुणाकार पोरांनी अर्ध्या तासात केला. उत्तर आले :

१०,८४,७०,४९,५६,१६,०००

पंधरा आकडी संख्या. दुकानातल्या बारा आकडी कॅल्क्युलेटरवर ती बसत नाही, कागदावरच करावी लागते. हिशेब बरोबर की चूक हे बघायला आम्ही जुन्या मास्तरांचा नवाचा ताळा घेतला. २८,२४,७५,२४९ च्या अंकांची बेरीज ४३, म्हणजे ७. ३,८४,००० च्या अंकांची १५, म्हणजे ६. सात सक बेचाळीस, म्हणजे पुन्हा ६. उत्तरातल्या अंकांची बेरीज ५१, म्हणजे ६. ताळा जमला.

आता ती संख्या पुन्हा एकदा नीट पहा. स्वल्पविराम दोनदोन आकड्यांवर पडले आहेत, कारण आपली मोजणी हजारानंतर शंभरपटीने चढते. कुमाराची शतोत्तर गणनाही शंभरपटीनेच चढते. म्हणून ही संख्या त्या यादीत जशीच्या तशी वाचता येते : १० कंकर, ८४ नियुत, ७० अयुत, ४९ कोटी, ५६ लाख, १६ हजार. एकही आकडा मोडावा लागत नाही. हे वाचून दाखवले तेव्हा अभ्यासिकेत क्षणभर सगळे गप्प झाले. जुन्या यादीची किल्ली आपल्या स्वल्पविरामाला लागली होती.

या संख्येचे आणखी काही गुण सांगतो. ती फक्त चार मूळसंख्यांची बनलेली आहे : २, ३, ५ आणि ७, म्हणजे अगदी पहिल्या चार. त्यात २ दहा वेळा, ३ एकदा, ५ तीन वेळा आणि ७ दहा वेळा येतात. दहा २ आणि दहा ७ यांच्या जोड्या लावा, दहा वेळा १४ होतात. म्हणजे सगळी संख्या 'दहा वेळा १४ चा गुणाकार, गुणिले ३७५' एवढ्यात मावते. १ ते १० मधल्या प्रत्येक आकड्याने तिला पूर्ण भाग जातो, अपवाद एकट्या ९ चा, कारण ३ एकदाच आहे. तिला पूर्ण भाग देणाऱ्या एकूण संख्या ९६८ आहेत. आणि ती पूर्ण वर्ग नसली तरी तिला १५ ने गुणले की होते, ४,०३,३६,८०० चा वर्ग. घरी करून बघा.

आता खरी परीक्षा

इथवर सगळे छान. पण त्या मुलीचा प्रश्न अजून बाकी होता. ग्रंथात दिलेले अणूचे माप खरे आहे का?

आम्ही वीत मोजली. मोठ्या माणसाची वीत साधारण २३ सेंटीमीटर, म्हणजे अंगुलीपर्व १.९ सेंटीमीटरच्या आसपास. त्याला २८ कोटींनी भागले तर परमाणू येतो मीटरच्या हजार कोटीव्या भागाच्या सुमारे दोन तृतीयांश. आज विज्ञानात हायड्रोजनच्या अणूचा व्यास साधारण मीटरचा हजार कोटीवा भाग सांगतात. अरे, हे तर जवळजवळ जुळले! पोरांनी उड्या मारल्या. आम्हालाही क्षणभर वाटले, वक्ते बरोबर होते, टाळ्या वाया गेल्या नाहीत.

पण तीच मुलगी म्हणाली, "सर, मधल्या पायऱ्या पण बघू ना." तिने घरून मोहरी आणली होती. पट्टीप्रमाणे अंगुलीपर्वाचा सातवा भाग जव, म्हणजे २.७ मिलिमीटर. जवाच्या दाण्याची रुंदी साधारण तेवढी असते, ठीक. त्याचा सातवा भाग मोहरी, म्हणजे ०.४ मिलिमीटरसुद्धा नाही. खरी मोहरी एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठी. तिच्या सातव्या भागाला लीख, म्हणजे ०.०६ मिलिमीटरहून कमी. खरी लीख पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, ती डोळ्यांना दिसते म्हणून तर आया निवडत बसतात! पट्टीतली लीख खऱ्या लिखेच्या दहाव्या भागाएवढीही नाही.

म्हणजे काय झाले? डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंतच पट्टी चुकते. मग न दिसणाऱ्या अणूचे माप तिने मोजून काढले, असे कसे म्हणायचे? दर पायरीला सात हा आकडा मोजून आलेला नाही, तो परंपरेने धरलेला आहे. शेवटचे उत्तर अणूच्या जवळ आले तो योगायोग. त्या काळी अणू मोजायचे साधन कोणाजवळच नव्हते.

आणखीही एक गोष्ट आहे. ललितविस्तराच्या पाठात योजनातल्या परमाणूंची संख्या शब्दांत दिलेली आहे, ती ग्रंथाच्याच पट्टीप्रमाणे केलेल्या गुणाकाराशी जुळत नाही. अभ्यासकांनी हे दाखवून दिलेले आहे. हातानं नकला करताना मोठ्या संख्यांची नावे मागेपुढे होणे सहज शक्य होते.

हे फळ्यावर लिहिताना, खरे सांगायचे तर, आमचा हात जड झाला. आपल्या समाजाला शेकडो वर्षे अक्षर आणि अंक दोन्हींपासून दूर ठेवले गेले. सावकाराच्या वहीत काय लिहिले ते न कळता आपल्या आज्या-पणज्यांनी अंगठे उठवले. म्हणून आपल्या ग्रंथात मोठे गणित आहे म्हटले की छाती फुगते, आणि त्यात गैर काही नाही. पण न तपासलेला आकडा अभिमानाने सांगितला तर आपणही न वाचता अंगठा उठवणारेच ठरू. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले एवढ्यावर मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा कालामांना केलेला उपदेश आपण विहारात सांगतो. तो परक्यांच्या ग्रंथांपुरता नाही. आपल्या ग्रंथांनाही तो लागू आहे.

विसरलेली आठ नावे

आणि हा प्रामाणिकपणा आपल्याच परंपरेत आहे, याचे एक सुंदर उदाहरण सापडते. आचार्य वसुबंधूंनी 'अभिधर्मकोशा'च्या भाष्यात दहादहापटीने चढणाऱ्या साठ स्थानांची यादी दिली आहे. साठावे स्थान 'असंख्य', म्हणजे एकावर ५९ शून्ये. पण यादीत नावे मोजली तर ५२ भरतात. वसुबंधूंनी आठ नावे मनाने रचून घातली असती तर कोणाला कळले असते? त्यांनी तसे केले नाही. मधली आठ विसरली गेली आहेत, असे त्यांनी सरळ नोंदवले. इतका मोठा आचार्य, आणि 'एवढे हाती नाही' म्हणायला कचरला नाही.

त्याच भाष्यात वसुमित्रांच्या नावाने एक दृष्टांत येतो. मोजणीची गोटी एकच, ती एककाच्या जागी ठेवली तर एक, शतकाच्या जागी शंभर, सहस्राच्या जागी हजार. दृष्टांत काळाबद्दलचा आहे, गणिताचा धडा नव्हे. पण त्यावरून कळते की अंकाची किंमत जागेवर ठरते ही गोष्ट बौद्ध भिक्खूंना इतकी ओळखीची होती की अवघड तत्त्व समजावायला ते ती वापरत.

अशा मोठ्या मोजण्या इतरत्रही झाल्या. ग्रीक गणिती आर्किमिडीजने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सगळे विश्व वाळूने भरले तर कण किती लागतील याचा हिशेब केला आणि ते एकावर ६३ शून्ये या संख्येहून कमी भरतील असे दाखवले. त्यानेही पट्टी बोटाची आणि खसखशीच्या दाण्याची घेतली होती! मोठ्यात मोठे मोजायला माणूस स्वतःचे बोट आणि स्वयंपाकघरातला दाणाच घेतो, मग तो मगधातला असो की सिराक्यूजचा.

दगडावरचा ताळा

शेवटी आपल्या घराजवळचा एक हिशेब. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्खूसंघासाठी ३,००० कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज खायचे. त्यातले २,००० दरमहा शेकडा एक या दराने. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवला गेला.

करा हिशेब. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना बारा बारा, २४०. पैचाही फरक नाही. एकोणीसशे वर्षांनंतर आपल्या वस्तीतली सहावीची पोर दगडावरचा हिशेब तपासते आणि तो जमतो.

कंकर-नियुतांची ती भली मोठी संख्या आम्हाला आवडतेच. ती मनाला उंच नेते. पण या २४० कार्षापणांनी वीस माणसांच्या अंगावर वस्त्र आले, आणि ज्यांच्या नावे पैसा होता त्यांना तो हिशेब वाचता येत होता. दोन्ही आकडे आपल्या वारशाचे आहेत. एकाची चूक दाखवल्याने तो लहान होत नाही, आणि दुसरा तपासून जमला म्हणून त्याचा मान वाढतो.

तेव्हा पालकांनो, वर्धापनदिनाला मुलांना घेऊन याल तेव्हा हे पान त्यांच्याकडून वाचून घ्या. कागद-पेन्सिल द्या आणि सातने दहा वेळा गुणायला लावा. आमचा एखादा आकडा चुकला असेल तर अभ्यासिकेत येऊन फळ्यावर दाखवा. आम्ही पुसून दुरुस्त करू. आणि पुढच्या वेळी कोणी वक्ता मोठा आकडा सांगेल तेव्हा टाळीआधी एखादी मुलगी उठून "किती, आणि कसं?" असे विचारेल, तर आपल्या विहाराचे वर्ष सार्थकी लागले असे आम्ही समजू.

नमो बुद्धाय. जय भीम.